साखळी मोडली की सोळा आणे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावरचा लेख मागितला होता. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते रास्तच होते. परंतु आपल्या विद्यालयात गणिताची जागा रिकामी असताना दोन वर्षे मी इयत्ता पाचवी ते सातवीला गणितही शिकवले आहे आणि त्या वर्गातला एक पाठ माझ्याकडून नीट शिकवला गेला नाही, ही रुखरुख आजही आहे. तो पाठ होता मिश्र परिमाणांतील लांबीच्या वजाबाकीचा. फूट-इंचांतून फूट-इंच, वार-फुटांतून वार-फूट आणि साखळी-आण्यांतून साखळी-आणे कसे वजा करावेत, एवढाच त्याचा विषय. तोच पाठ आज माजी विद्यार्थ्यांपुढे, त्यांच्या पालकांपुढे आणि वसतिगृहाच्या स्नेह्यांपुढे पुन्हा मांडत आहे. वर्गात तो वीस मिनिटांत आटोपला होता. येथे थोडा सावकाश घेतो.

निमित्त असे घडले. काही वर्षांपूर्वी पालक सभेनंतर आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या आई मला भेटण्यासाठी थांबल्या. "जय भीम सर," म्हणून त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली दोन कागदे काढली. एक होते त्यांच्या शेताच्या जुन्या टिपणाची नक्कल आणि दुसरे होते घरातल्या घरात झालेल्या वाटणीचा कागद. यजमान वारलेले, मुलगा नोकरीनिमित्त परगावी, आणि शेताच्या मधोमध बांध घालण्याचे घाटत होते. रस्त्याकडेची बाजू एकूण १२ साखळ्या ३ आणे. त्यांपैकी थोरल्या दिरांकडे ७ साखळ्या ९ आणे. उरलेली बाजू या माउलीची. ती किती, हे वाटणीच्या कागदाच्या पाठीवर कुणीतरी पेनाने लिहिले होते : ४.४.

"सर, हे बरोबर आहे का एवढं बघा. आकडे मला कळत नाहीत, पण जमीन माझी आहे."

आकडा कसा आला, ते मला पाहताक्षणी कळले. कुणीतरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १२.३ उणे ७.९ असे केले होते. यंत्राने आपले काम चोख बजावले होते. १२.३ मधून ७.९ गेले की ४.४ उरतात, यात शंका नाही. चूक यंत्राला जे सांगितले गेले त्यात होती. १२ साखळ्या ३ आणे म्हणजे बारा पूर्णांक तीन दशांश साखळ्या नव्हेत. साखळीचे भाग दहा नसून सोळा असतात.

येथे मूळ गोष्ट समजून घ्यावी लागेल. आपण शाळेत वजाबाकी शिकतो ती दहाच्या घरांची. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या घरातला एक दशक सुटा करतो. त्याचे दहा एकक मिळतात, दोन आणि दहा मिळून बारा होतात, बारातून सात गेले की पाच उरतात. ही रीत इतकी अंगवळणी पडते की 'हातचा म्हणजे दहा' हे समीकरण मनात घट्ट बसते. वस्तुतः हातचा म्हणजे दहा नव्हे. मोठे परिमाण मोडल्यावर जेवढी लहान परिमाणे मिळतात, तेवढा हातचा असतो. दशक मोडला की दहा एकक मिळतात, फूट मोडला की बारा इंच, वार मोडला की तीन फूट, तास मोडला की साठ मिनिटे. आमच्या वडिलांच्या पिढीला हे शिकवावे लागत नसे, कारण तिच्या खिशातच हा पाठ होता. रुपया मोडला की सोळा आणे, आणा मोडला की चार पैसे किंवा बारा पई. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. व्यवहार सोपा झाला, ते योग्यच झाले. मात्र 'मोडणे' या शब्दातला वेगवेगळ्या संख्यांचा अनुभव त्याबरोबर पुसट झाला.

आता त्या माउलीची वजाबाकी करू. जमिनीच्या जुन्या मोजणीतील साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६.

१२ साखळ्या ३ आणे
उणे ७ साखळ्या ९ आणे

तीन आण्यांतून नऊ आणे जात नाहीत. म्हणून बारांपैकी एक साखळी मोडावी. तिचे सोळा आणे. अगोदरचे तीन मिळवून एकोणीस. आता वरची संख्या ११ साखळ्या १९ आणे अशी झाली. लांबी तीच आहे, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली. एकोणीसातून नऊ गेले, उरले दहा आणे. अकरातून सात गेल्या, उरल्या चार साखळ्या. उत्तर ४ साखळ्या १० आणे.

कागदावरच्या ४.४ चा अर्थ त्या घरात '४ साखळ्या ४ आणे' असाच लावला गेला होता. खरे उत्तर ४ साखळ्या १० आणे. फरक सहा आण्यांचा. आणि हा फरक योगायोगाने सहा आलेला नाही. सोळाच्या जागी दहा मोडले, म्हणून सोळातून दहा गेल्यावर जे सहा उरतात, तेवढेच हरवले. आकडे कोणतेही घ्या, साखळी-आण्यांत हातचा दहाचा घेतला की उत्तर नेमके सहा आणे कमी येते. फूट-इंचांत तीच चूक केली की उत्तर दोन इंच कमी येते. वार-फुटांत तर उलटे होते : वाराचे तीनच फूट असताना दहा धरले, तर उत्तर सात फूट जास्त येते. चुकीला असा स्वतःचा ठरलेला आकार असतो. म्हणूनच दोन मापांत बरोबर दोन इंचांचा किंवा बरोबर सहा आण्यांचा तफावतीचा आकडा दिसला, तर मोजपट्टी तपासण्यापूर्वी वजाबाकी तपासावी.

"सहा आणे म्हणजे किती हो सर?" त्यांनी विचारले. पूर्वीच्या व्यवहारात सहा आणे म्हणजे चहा-बिडीचे पैसे. मी फळ्यावर मांडले. साखळी ३३ फूट, म्हणून एक आणा म्हणजे ३३ भागिले १६, अर्थात दोन फूट आणि पाऊण इंच. सहा आणे म्हणजे बारा फूट साडेचार इंच. शेताची खोली पाच साखळ्या, म्हणजे १६५ फूट. बारा फूट साडेचार इंच रुंदीची आणि १६५ फूट लांबीची पट्टी म्हणजे सुमारे २,०४२ चौरस फूट. गुंठ्याच्या भाषेत १ गुंठा १४ आणे.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे अख्खं घर बसेल की हो त्यात."

गुंठा हा शब्द आला आहे, तर त्याचाही हिशेब येथेच सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी सात-बाराचे उतारे आहेत, पण गुंठ्याचा उगम ठाऊक नाही. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, अर्थात एक साखळी गुणिले एक साखळी, म्हणजे १ गुंठा. त्याचे चौरस फूट १,०८९. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हाच एकर. साखळी तेहतीस फुटांचीच का, याचे उत्तर या गुणाकारात दडलेले आहे. लांबी साखळ्यांत मोजून गुणाकार केला की गुंठे थेट हाती येतात आणि चाळीसने भागले की एकर. मुंबई इलाख्यात इंदापूर तालुक्यात प्रिंगल यांची पहिली पाहणी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास फेरमोजणीचे काम हाती घेतले. पुढे त्याच धर्तीवर इलाखाभर शेतांचे नंबर, नकाशे आणि आकारणी तयार झाली. आपल्या गावांच्या जुन्या टिपणांत साखळ्या-आणे दिसतात, ते या परंपरेतून.

इतिहासाचा माणूस असल्याने येथे थोडे विषयांतर करतो. वाचक क्षमा करतील. मोजणीची साखळी गावात आली, त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून गावाची शीव आपल्या पूर्वजांच्या डोक्यात होती. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. माझे आजोबा शिवेवरच्या दगडांना नावानिशी ओळखत. कोणता दगड पुरात सरकला आणि कोणता कुणी मुद्दाम सरकवला, हे ते सांगू शकत. परंतु तीच शीव कागदावर आकड्यांत उतरली आणि कागद वाचण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती राहिला, तेव्हा त्या ज्ञानाची किंमत संपली. जमीन पायाखालची, आकडा मात्र दुसऱ्याच्या दप्तरात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडले, ते वतनाच्या जोखडातून माणूस मोकळा करण्यासाठी. पुढे १९५८ चा कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला आणि वतनाच्या जमिनी रीतसर आपल्या नावावर करून घेण्याची वेळ आली. तेव्हा किती घरांत ते कागद कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागले असतील, याची कल्पना ज्येष्ठ वाचकांना आहे. म्हणून मला फळ्यावरची ही वजाबाकी लहान वाटत नाही.

आणखी मागे जाऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळचे शिलालेख आहेत. एका लेखात भिक्खुसंघाला काखडी गावातील २०० निवर्तने शेत दिल्याची नोंद आहे. हे शेत पूर्वी उषवदाताच्या ताब्यात होते. काही वर्षांनंतरच्या, राजा आणि राजमाता यांच्या नावे असलेल्या दुसऱ्या लेखात असे म्हटले आहे की, काखडीचे ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीची १०० निवर्तने जमीन भिक्खुसंघाला देण्यात येत आहे. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला हा जमिनीचा हिशेब आपल्या सहलीतल्या प्रत्येक तुकडीला मी दाखवला आहे. कागदावर दोनशे, पण कसणारा कुणी नाही, अशी स्थिती असेल तर त्या आकड्याला अर्थ काय, हा प्रश्न त्या काळच्या भिक्खूंनाही पडला असला पाहिजे.

निवर्तन म्हणजे किती? याचे माप काळानुसार आणि प्रदेशानुसार बदलत गेले. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त जे कोष्टक आहे त्यानुसार आठ यव म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळे म्हणजे एक हात, चार हात म्हणजे एक दंड, दोन हजार दंड म्हणजे एक कोस आणि दहा हात म्हणजे एक वंश, अर्थात वेळूची काठी. प्रत्येक बाजू वीस वंशांची असे चौकोनी क्षेत्र म्हणजे निवर्तन. येथे पहा : आठ, चोवीस, चार, दोन हजार. एकाच कोष्टकात प्रत्येक पायरीला मोडण्याची संख्या वेगळी. समजा, ५ हात ७ अंगुळे लांबीच्या काठीतून २ हात १५ अंगुळे तोडायचे आहेत. सातातून पंधरा जात नाहीत. एक हात मोडला, चोवीस अंगुळे मिळाली, सात मिळवून एकतीस. एकतीसातून पंधरा गेली, सोळा उरली. चार हातांतून दोन गेले, दोन उरले. उत्तर २ हात १६ अंगुळे. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वीचे कोष्टक आणि इयत्ता पाचवीची रीत, दोघांत काही फरक नाही. फक्त कोष्टक पाठ हवे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. ती आपल्या ग्रंथालयात आजही उभी आहे. मी नवीन लागलो होतो. भिंत ११ फूट ४ इंच, तिच्यालगत अगोदरचे कपाट ६ फूट ९ इंच. उरलेल्या जागेत पुस्तकांसाठी नवी मांडणी करायची होती. मी घाईत चौदातून नऊ गेले पाच, दहातून सहा गेले चार असे म्हटले आणि सुताराला चार फूट पाच इंच असे माप दिले. चौदा आले कुठून? चार इंचांत मी दहा मिळवले होते. मिळवायला हवे होते बारा, म्हणजे सोळा. सोळातून नऊ गेले की सात. खरे माप ४ फूट ७ इंच. मांडणी आली, बसवली, आणि कपाट व मांडणी यांच्यात बरोबर दोन इंचांची फट राहिली. सुतार वयाने मोठा होता. त्याने पट्टी लावून पाहिली आणि एवढेच म्हणाला, "गुरुजी, फूट बाराचा असतो." त्या फटीत पेन्सिली, खडू, कंपास आणि एकदा तर कुणाची तरी प्रगतिपुस्तिका पडली. ज्यांनी त्या फटीत हात घालून बोटे खरचटून घेतली, त्या सर्व माजी विद्यार्थ्यांची येथे माफी मागतो.

ज्या ठिकाणी मुले सर्वाधिक अडतात ते वेगळे आहे. मधल्या घरात शून्य असते तेव्हा. समजा, कापडाच्या ताग्यात २० वार ० फूट ५ इंच कापड आहे आणि त्यातून मंचाच्या पडद्यासाठी ८ वार २ फूट ९ इंच कापायचे आहे. पाच इंचांतून नऊ जात नाहीत. शेजारी फुटांकडे उसने मागावे, तर तेथे शून्य. अशा वेळी मूल एकतर हिरमुसते, नाहीतर सरळ वारातून एक घेऊन तो इंचांत टाकते आणि एका वाराचे बारा इंच करून मोकळे होते. येथे संयम हवा. उसने दोन पायऱ्यांनी आणायचे. प्रथम एक वार मोडा, तीन फूट मिळाले. आता १९ वार ३ फूट ५ इंच. मग त्या तीनांपैकी एक फूट मोडा, बारा इंच मिळाले. आता १९ वार २ फूट १७ इंच. तिन्ही घरांत आता पुरेसे आहे. सतरातून नऊ गेले आठ, दोनातून दोन गेले शून्य, एकोणीसातून आठ गेले अकरा. उत्तर ११ वार ० फूट ८ इंच. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी सगळे इंचांत करावे : ७२५ उणे ३२१, बरोबर ४०४. अकरा वारांचे ३९६ आणि वरचे आठ, मिळून ४०४.

सगळे लहानात लहान परिमाणात करून वजा करणे आणि मग पुन्हा मोठ्यात बांधणे, ही रीत लांबणीची असली तरी पडताळ्यासाठी उत्तम. त्या माउलीच्या शेतासाठी ती अशी होते : १२ गुणिले १६ अधिक ३, म्हणजे १९५ आणे. ७ गुणिले १६ अधिक ९, म्हणजे १२१ आणे. वजाबाकी ७४. त्याला सोळाने भागले, भागाकार चार आणि बाकी दहा.

पण मला स्वतःला सर्वांत आवडते ती तिसरी रीत, आणि ती मला कोणत्याही पुस्तकाने शिकवली नाही. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती. बाजारात ती हातचा वगैरे काही घेत नसे. ती भर घालत जाई. साडेसात आण्यांची वस्तू घेऊन रुपया दिला, तर ती म्हणे, अर्धा घातला की आठ, आठ घातले की रुपया, म्हणजे साडेआठ परत दे. शेताच्या वजाबाकीला हीच रीत लावून पहा. ७ साखळ्या ९ आण्यांत ७ आणे घातले की पूर्ण ८ साखळ्या. त्यात ४ साखळ्या घातल्या की १२. त्यात आणखी ३ आणे घातले की १२ साखळ्या ३ आणे. किती घातले? ४ साखळ्या, ७ आणे आणि ३ आणे, म्हणजे ४ साखळ्या १० आणे. उसने नाही, मोडणे नाही, कागदही नाही. पावकी, निमकी, दिडकी, औटकी तोंडपाठ असलेले गुरुजी तेव्हा गावात होते, पण त्यांच्या शाळेच्या ओट्यावर आजीला जागा नव्हती. तरीही तिचा हिशेब कधी चुकल्याचे मी पाहिले नाही. शिक्षणाने आपल्याला जे दिले त्याचा मान ठेवूनही, वर्गात ही रीत शिकवायला मी फार उशीर केला, हे मान्य केले पाहिजे.

मीटरचे युग आले, आता या कोष्टकांची गरज काय, असे काही पालक विचारतात. प्रश्न चांगला आहे. १९५६ च्या कायद्याने देशाने दशमान पद्धत स्वीकारली आणि सात-बाऱ्यावर आज हेक्टर, आर, चौरस मीटर असतात. परंतु जुने टिपण काढले की त्यात साखळ्या-आणेच निघतात. सुतार, गवंडी आणि शिंपी फूट-इंचांत बोलतात. नऊवारी साडी मीटरने मोजली तरी तिला नऊवारीच म्हणतात. पोलीस भरतीला निघालेला आपला मुलगा आपली उंची घरी फूट-इंचांत सांगतो आणि मैदानावर ती सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. शिवाय दशमान पद्धतीतही ही चूक दबा धरून बसलेली असते. ५ मीटर ५ सेंटिमीटर म्हणजे ५.५ मीटर नव्हे, ५.०५ मीटर. ही चूक करणारी मुले मी दहावीच्या वर्गातही पाहिली आहेत. आणि वाटणीच्या कागदावरच्या त्या ४.४ ला कुणी ३३ ने गुणून फूट काढले असते, तर १४५.२ फूट असे तिसरेच उत्तर आले असते. तेही चूक. खरी लांबी १५२ फूट साडेसात इंच.

शेतीच्या तुकड्याबद्दल बाबासाहेबांनी १९१८ साली लिहिलेला इंग्रजी निबंध इतिहास आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. धारणा लहान की मोठी हे केवळ तिच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, तिच्यावर लागणारे भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असा त्याचा रोख आहे. पण त्या चर्चेत शिरण्यापूर्वी आपल्या तुकड्याचे क्षेत्रफळ आपल्याला काढता आले पाहिजे, एवढीच माझी शिक्षकी पुस्ती.

त्या माउलीला मी वजाबाकीखाली तिचा पडताळाही लिहून दिला, कारण वाद घालताना उत्तरापेक्षा पडताळा उपयोगी पडतो. दोन्ही वाटण्यांची बेरीज मूळ बाजूइतकी आली पाहिजे. ७ साखळ्या ९ आणे आणि ४ साखळ्या १० आणे : आणे एकोणीस, म्हणजे एक साखळी तीन आणे. साखळ्या सात, चार आणि हातची एक, बारा. बरोबर १२ साखळ्या ३ आणे. जुन्या कागदाप्रमाणे बेरीज केली तर ११ साखळ्या १३ आणेच भरतात. मधले सहा आणे दोघांपैकी कुणाच्याच नावावर नाहीत. जी जमीन कागदावर कुणाचीच नसते, ती जो आधी नांगर घालतो त्याची होते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मी त्यांना हेही बजावले की कागदावरचे गणित म्हणजे मोजणी नव्हे. दोघांच्या संमतीने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज करावा आणि खुणा कायम करून घ्याव्यात.

पुढे कळले ते असे. त्यांनी तो कागद दिरांपुढे ठेवला. दीर म्हणजे जुने सातवी पास गृहस्थ, रुपये-आणे-पईचा हिशेब केलेले. त्यांनी बोटांवर भर घालत मोजले, नऊ आणि सात सोळा, आठ, चार, तीन, आणि दोनदा तसेच करून पाहिले. मग म्हणाले, "पोरानं मोबाइलवर केलं होतं, मी बघितलं नाही." अर्जावर दोघांच्याही सह्या झाल्या. मोजणीदार यंत्र घेऊन आला आणि त्याने मीटरमध्ये मोजले. आपले उत्तर मीटरमध्ये ४६.५२ येते. त्याच्या नकाशात त्याला लागूनच आकडा होता, चार बोटांचा फरक, जो जुन्या मोजणीत असायचाच. बांध तेथे पडला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत अजून धुसफूस आहे, पण ती वजाबाकीने सुटणारी नव्हे.

आता दोन उदाहरणे घरी करावयास देतो. पालकांनी मुलांसोबत बसून सोडवावीत, मोबाइल बाजूला ठेवून. पहिले : शेताची एक बाजू ९ साखळ्या ० आणे आहे. तिच्यातून रस्त्यासाठी आणि शेजाऱ्यासाठी मिळून ३ साखळ्या १३ आणे गेले, तर किती उरली? दुसरे थोडे कठीण, क्षेत्राचे. घराण्याची जमीन ३ एकर ५ गुंठे ४ आणे. एका भावाकडे १ एकर २८ गुंठे १० आणे. दुसऱ्याकडे किती? येथे दोनदा मोडावे लागेल आणि दोन्ही वेळा संख्या वेगळी असेल : गुंठा मोडला की सोळा, एकर मोडला की चाळीस. पहिल्याचे उत्तर ५ साखळ्या ३ आणे, दुसऱ्याचे १ एकर १६ गुंठे १० आणे. दुसऱ्या उदाहरणात ज्यांचे उत्तर १६ गुंठे ४ आणे असे येईल, त्यांनी कोठे दहा मोडले ते स्वतःच शोधावे.